पालथे ताट

वाचकांपुढे मी जी हकीगत ठेवणार आहे, ती एका गुरुवारच्या दुपारची आहे. तीत खून, दरोडा अथवा प्रेमभंग यांपैकी काही नाही. पुण्यासारख्या विद्येच्या नगरीत आपल्या मुलासाठी चांगली खानावळ शोधणाऱ्या एका कामगाराची ही हकीगत असून, त्या दुपारी त्याच्या मनात जे चालले तेवढेच, काही न वाढवता व होईल तितके काही न लपवता, मांडण्याचा माझा संकल्प आहे. कामगाराचे नाव कोंडीराम. तो म्हणजे मीच. परंतु ‘मी’ असे लिहू लागलो की हात अडतो, म्हणून त्याला परका समजून लिहितो आहे. जेथे हात आपोआप ‘मी’ लिहून जाईल, तेथे वाचकांनी समजून घ्यावे.

चमच्याच्या दांड्यावर अंगठा बसेल एवढा एक पोचा होता, आणि तो सदऱ्याच्या वरच्या खिशातून छातीला टोचत होता — सायकल खडकीचा बाजार मागे टाकून पुण्याकडे धावत होती, फेब्रुवारीचा वारा सुखाचा होता, तरी कोंडीरामचे सर्व ध्यान त्या पोच्याकडे. कधी पडला हा? बहुधा बहात्तर साली, नासकी डाळ परत पाठवताना त्याने पातेल्याच्या काठावर चमचा आपटला होता तेव्हा. पिंपरीच्या ज्या कंपनीत तो बासष्टपासून कामाला होता, तिच्या कँटीनमध्ये असा नियम होता की जेवणाची घंटा होण्यापूर्वी कामगारांच्या कमिटीतील एका मेंबरने डाळ, भाजी, भात चाखावा, वहीत सही करावी, आणि मगच पातेली बाहेर जावीत. अकरा वर्षे ते काम कोंडीरामकडे होते. आचारी दत्तोबा त्याला म्हणत असे की राव, तुझी जीभ मशीनशॉपला देऊन टाक, तिथे मापाला उपयोगी पडेल. बाराशे माणसांच्या पोटात काय जाते हे कोंडीरामला रोज ठाऊक असे. एका माणसाच्या पोटात काय जाते ते मात्र ठाऊक नव्हते, आणि तो एकच माणूस त्याचा होता.

ज्योतीराम. अर्थशास्त्र घेऊन एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला. दापोडीच्या एका खोलीत सहा माणसे, शिवणयंत्र, आणि पलीकडून सतत जाणारी रेल्वे. तेथे पुस्तक उघडून बसणे अशक्य म्हणून तो पुण्यास वसतिगृहात राहिला. दिवाळीत घरी आला तो डोळे हळदीसारखे पिवळे घेऊन. कावीळ. डॉक्टरांनी कोंडीरामला बाजूस घेऊन सांगितले की बाहेरचे तेलकट बंद, घरच्यासारखे स्वच्छ अन्न दोन्ही वेळ मिळालेच पाहिजे; पुन्हा उलटले तर एप्रिलची परीक्षा विसरा. बायको कस्तुरा हिने डबा पाठवते म्हटले. मुलगा नको म्हणाला. वसतिगृहाची मेस सोडतो, दुसरीकडे व्यवस्था करतो, मी बघतो आबा, तुम्ही काळजी करू नका. जाताना आईने केलेली लिंबाच्या बिनतेलाच्या लोणच्याची बाटली तेवढी नेली. त्यानंतर कस्तुरा रोज भाकरी थापता थापता म्हणायची, “दोन टेसनं लांब हाय पोरगं, अन् भाकर पोचत न्हाई.”

मी बघतो... काय बघितले असेल? विचारावे तर भेट होत नाही. कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, कॉलेजांची रविवारी. कोंडीराम एकदा गुरुवारी वसतिगृहावर गेलाही होता. मुलगा फाटकाशी आला, तेथल्या झाडाखाली दोघे उभे राहिले, मुलाने घरच्या सर्वांची नावे घेऊन चौकशी केली, आणि मग बोलणे संपले. वर खोलीत चला, असे तो म्हणाला नाही. खोलीत कोणी अभ्यास करीत असेल... असेलच. परीक्षा जवळ आल्यावर कोणी ना कोणी अभ्यास करीत असतोच. कोंडीरामने ही गोष्ट स्वतःला सायकलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पुन्हा पुन्हा सांगितली होती. त्यानंतर तो फाटकाकडे गेला नाही. त्याने ठरवले की आपणच खानावळ शोधावी, चाखावी, पसंत पडली तर व्यवस्था करावी, आणि मग मुलास पत्राने कळवावे. अन्न चाखून पुढे पाठवणे, एवढे एक काम या जगात त्याला बिनचूक येत होते.

हा चौथा गुरुवार.

पहिल्या गुरुवारचे आठवू नये असे तो ठरवी आणि नेमके तेच आठवे. पेठेतली एक नावाजलेली जागा. मोरी कोरडी होती, पाण्याच्या पिंपावर फडके स्वच्छ होते. कोंडीराम नेहमी आधी मोरी पाही, मग फडके, आणि मालक स्वतः तेथेच जेवतो की नाही ते शेवटी. सर्व चांगले होते. दारात बसलेल्या वृद्ध बाईंनी चष्म्यावरून पाहत सहज विचारले, “आपलं आडनाव?” आणि कोंडीरामच्या तोंडातून आले — पवार.

का? कोणी धमकी दिली नव्हती. अठ्ठ्याहत्तर साल होते. छप्पन साली माझ्या बापाने घरातले देव नदीत सोडले तेव्हा मी शेजारी उभा होतो, बावीस प्रतिज्ञा मी मोठ्याने म्हटल्या होत्या, वस्तीत जयंतीला मी भाषण करतो, पोरांना सांगतो की मान वर करून नाव सांगा. आणि विचारणारी बाई तरी कशी? कदाचित वहीत लिहायला विचारत असेल. कदाचित ओव्हाळ हे माझे खरे आडनाव ऐकून तिने ‘बसा’ एवढेच म्हटले असते. ते कळण्याची वेळच मी येऊ दिली नाही. त्या दिवशी पवार नावाचा एक माणूस जेवला, आणि अकरा वर्षांत प्रथमच कोंडीरामच्या जिभेला मीठ कमी की जास्त ते कळले नाही. कस्तुराला त्याने सांगितले, जागा बरी आहे, पण लांब पडेल.

दुसऱ्या गुरुवारी डेक्कनजवळचा इराणी. तेथे नाव, गाव, काही नाही. संगमरवरी टेबल, पाव, चहा, आणि प्रत्येकजण आपापल्या वर्तमानपत्रात. कोंडीराम तेथे तासभर बसून राहिला. बरे वाटत होते. पण पावावर परीक्षा निघत नाही. तिसऱ्या गुरुवारी एक उडुपी, सांबारात सोडा. चमचा पुसून त्याने खिशात ठेवला आणि उठला.

आजची जागा त्याला कोणी सांगितली नव्हती. डेक्कनच्या मागे बोळात सायकल हातात धरून चालता चालता ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास आला. कडेला नेमकी किती करपली आहे हे कळावे असा. जुन्या घराची पडवी, दोन लांब बाकडी, दारावर खडूने ‘घरगुती जेवण’. मोरी पाहिली. फडके पाहिले. चुलीपाशी पन्नाशीच्या एक बाई — सुभद्राबाई, असे मागून कळले — स्वतःचे ताट मांडीवर घेऊन दोन घास खात होत्या, उठून वाढत होत्या, परत खात होत्या. मालकीण येथेच जेवते. कोंडीरामचा श्वास मोकळा झाला. आडनाव कोणी विचारले नाही. बसा, एवढेच. ताट आले: भाकरी, मेथी, आमटी, ताक. त्याने चमचा काढला. आमटी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले...

चिंच नव्हे, आमसूल. तेल नावापुरते. मीठ — बरोबर. कोंडीरामने आमटीला इतक्या वर्षांत क्वचित दिलेला शेरा मनातल्या मनात दिला, आणि मग तो नमुना चाखणारा मेंबर उरला नाही, नुसता भुकेला माणूस झाला, आणि तिसरी भाकरी मागून जेवला. हीच. ज्योतीरामचे गाल भरतील. बाईंना कसे विचारायचे याची वाक्ये तो जुळवू लागला. यावेळी खरे आडनाव सांगायचे. आधी आडनाव, मग बाकीचे. वाक्य जुळत आले, तो उठला, ताट उचलले, मोरीवर गेला, नळ सोडला, राखेची मूठ घेऊन ताट घासले, धुतले, आणि कडेच्या दगडावर पालथे घातले. चमचा त्याखाली.

मागे एकदम शांतता झाली आहे हे त्याला उशिरा कळले.

“अहो, ताट कशाला घासलंत?” सुभद्राबाई म्हणत होत्या. “भांड्यांना बाई आहे की आमच्याकडे.”

बाकावरचा एक विद्यार्थी हसत म्हणाला, “काका पिंपरीकडचे दिसतात. कंपनीत घासावं लागतं ताट.”

होय — कोंडीरामने मान हलवली — होय, कंपनीत आम्ही आपापले ताट धुतो. खरेच होते ते. बासष्ट साली, पहिल्या दिवशी, कँटीनच्या लांब हौदाशी त्याने पाहिले होते की डाव्या बाजूला कुलकर्णी फोरमन, उजव्या बाजूला कोणी देशमुख, आणि मध्ये तो, तिघे एका पाण्याने आपापली ताटे धूत आहेत. त्या दिवशी तो दापोडीपर्यंत गाणे म्हणत गेला होता. पण हात... हात मघाशी कोणत्या आठवणीने उठला? कारण त्याही आधी एक दगड होता. चाकणच्या रस्त्याला, गावाच्या वळणावर हॉटेल होते, आणि गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या माणसांसाठी तेथे बाहेर खुंटीला एक कान तुटलेला कप असे. आपण घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपण धुवायचा, आणि दगडावर पालथा घालून जायचे. पालथा. धुतल्याची खूण म्हणून. कँटीनच्या हौदापाशी ताटे जाळीत उभी ठेवतात, पालथी कोणी घालत नाही. मग हे कोणी घातले? कंपनीतल्या कोंडीरामने की चाकणच्या रस्त्यावरच्या चौदा वर्षांच्या पोराने? एकच हात, एकच पाणी, आणि एका वेळी तो अभिमान असतो आणि दुसऱ्या वेळी...

नजर कोठे ठेवावी हे न कळून त्याने ती वर नेली. नळाच्या वर फळी होती. फळीवर खानावळीच्या मेंबरांच्या स्वतःच्या बाटल्या. कोणाचे तूप, कोणाची चटणी. प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव, बापाचे नाव, आडनाव. एकदोघांनी गावही लिहिले होते. शेवटची बाटली लोणच्याची होती. तिच्या तोंडाला बांधलेला कपडा हिरवा, त्यावर पिवळे ठिपके. ती साडी कस्तुरा चार वर्षे नेसली होती. फाटल्यावर तिचे तुकडे करताना कोंडीराम समोर बसला होता. चिठ्ठीवर लिहिले होते: ज्योतीराम. एवढेच.

म्हणजे सापडली होती. मुलाला सापडली होती ही जागा, आधीच, बापाशिवाय. तीच मोरी त्याने पाहिली असेल, तेच फडके. क्षणभर कोंडीरामला इतका आनंद झाला की नळ बंद करायचा राहिला. पोरगे जेवते आहे. ही आमटी दोन्ही वेळ त्याच्या पोटात जाते आहे... आणि मग तो ‘एवढेच’ पाण्यासारखा पायाखाली आला. चिठ्ठी लहान होती. नाही, सगळ्या चिठ्ठ्या सारख्या होत्या. घाईत लिहिले असेल. की बाईंनी विचारले आणि त्याच्याही तोंडातून दुसरेच काही आले, आणि बोलून गेलेले हाताला लिहिता येईना? अठ्ठ्याहत्तर साली. माझ्या मुलाच्या तोंडातून. पण पवारने हे विचारावे?

आणि आपण येथे काय करून बसलो? मी ओव्हाळ म्हणणार होतो, या बाकड्यांसमोर, याच बाईंना. आणि ताट — कोणी जाणता माणूस ते पालथे ताट पाहील, मग मला, मग उद्या माझ्यासारखेच नाक असलेल्या त्या पोराला. आणखी दोन महिने. एप्रिलपर्यंत तरी त्याचे हे पान मोडता कामा नये.

तेवढ्यात तो आला. दोन मित्रांबरोबर, वह्या काखेत, हसत. दारात त्याने बापाला पाहिले आणि हसणे तसेच चेहऱ्यावर राहिले. त्यामागचा माणूस तेवढा निघून गेला. डोळे पांढरे झाले होते, पिवळेपणा नव्हता — हे कोंडीरामने आधी पाहिले.

सुभद्राबाई विचारत होत्या की काका, मेंबर व्हायचंय का, कोणासाठी बघताय. कोंडीरामने जुळवलेले वाक्य बाजूस ठेवले.

“आमच्या कंपनीतल्या एकाचा मुलगा आहे,” तो म्हणाला. “शिकतो इथं. त्याच्यासाठी बघत होतो.”

“आणा की त्याला. मुलगा कोणाचा का असेना, वेळेवर आला पाहिजे. बसा, ताक घ्या अजून.”

कोणाचा का असेना. हे सुभद्राबाई मेथी वाढण्याइतक्या सहज म्हणाल्या, आणि ते खरे की बोलण्याची रीत हे चाखून पाहण्याचा कोंडीरामजवळ काही उपाय नव्हता. निघायला हवे होते. पण ताकाचा पेला हातात आला, आणि तो समोरच्या बाकावर बसला, आणि मुलगा जेवू लागला. तीन हातांवर. किती दिवसांनी तो मुलाला जेवताना पाहत होता. ज्योतीराम खाली मान घालून, घास लहान करून जेवत होता. मित्र मात्र सारखे बोलत होते. त्यांतल्या चष्मेवाल्याने उठून फळीवरची ती बाटली काढली, स्वतः घेतले, ज्योतीरामला वाढले, आणि काय मनात आले कोण जाणे, बाटली कोंडीरामपुढे धरली.

“घ्या काका. ह्याच्या आईच्या हातचं आहे. अख्ख्या पुण्यात असलं मिळायचं नाही.”

कोंडीरामने फोड घेतली. नकार देता आला असता, पण घेतली. जिभेवर ठेवली. स्वयंपाकघराचा कोपरा, कस्तुराचा तिखटाने लाल झालेला हात, आणि दर वर्षी पहिल्या फोडीला त्याने हटकून म्हणायचे एक वाक्य, ज्यावर तिने दर वर्षी हटकून भांडायचे — ते वाक्य, थांबव थांबव म्हणेपर्यंत, तोंडातून गेले.

“मीठ जरा कमी आहे.”

मित्र हसले. ज्योतीरामने मान वर केली. प्रथमच. त्या नजरेत काय होते ते मला या क्षणीही लिहिता येत नाही. राग म्हणावा तर ओठाचा कोपरा हलला होता, हसू म्हणावे तर डोळे भरल्यासारखे दिसत होते. मग तो उठला. ताटात अर्धी भाकरी होती ती त्याने उभ्यानेच संपवली. ताट उचलले. मोरीवर गेला. नळ सोडला, राख घेतली, आणि सर्वांसमोर, घाई न करता, ताट घासू लागला. सुभद्राबाई म्हणाल्या, आज काय रे हे सगळ्यांना झालंय. मित्र म्हणाला, भावा, कंपनीत लागलास की काय. त्याने ताट धुतले, पाणी झटकले, आणि दगडावर, बापाच्या ताटावर, पालथे घातले.

नको, असे कोंडीरामच्या आत कोणी तरी ओरडले. सोळा वर्षे मी हौदाशी ताट धुतले ते तू धुवू नयेस म्हणून. मी जिथे पालथे घातले तिथे तू घालू नकोस. आणि त्याच श्वासात, त्याच छातीत, जिथे आता चमचा टोचत नव्हता, दुसरे कोणी तरी म्हणत होते की घातलेस, घातलेस ना बाबा... ही ओळख होती की टोमणा? मी तुमचा, असे म्हणाला, की बघा तुम्ही मला काय करायला लावता, असे म्हणाला?

हात पुसत ज्योतीराम वळला आणि सरळ बापाकडे पाहून बोलला.

“मीठ बरोबर आहे. तुम्ही दर वेळी कमीच म्हणता.”

चष्मेवाला घास हातात धरून दोघांकडे पाहू लागला. “दर वेळी? तू ओळखतोस यांना?”

वाचकहो, येथे मी थांबायला हवे होते. मुलाने तोंड उघडले होते. पाण्याचा एक थेंब त्याच्या कोपरावरून सुटत होता तोही मला दिसला. पण पेला खाली ठेवून, बाईंना नमस्कार करून, कोंडीराम पायरी उतरला होता आणि सायकलचे कुलूप उघडत होता. किल्ली वळताना मागे काही बोलणे झाले, आवाज मुलाचाच होता, शब्द दोन किंवा तीन होते, आणि कुलुपाच्या आवाजात ते गेले — की मीच त्या वेळी कुलूप जोरात वाजवले?

खडकीपर्यंत त्याने स्वतःस सांगितले की हे मुलासाठी केले. दापोडीच्या पुलावर सायकल थांबवून तो कठड्याशी उभा राहिला तेव्हा ते सांगणे बंद पडले. बाराशे माणसांचे अन्न मी भीती न बाळगता तोंडात घातले, नासके तर नासके. ही एकच गोष्ट जिभेपर्यंत येऊ दिली नाही. ती कडू निघाली असती तर थुंकता आली नसती, आणि गोड निघाली असती तर... त्याचीच जास्त भीती वाटली काय?

खाली नदी संथ होती. त्याने सवयीने खिशाला हात लावला. खिसा रिकामा होता. चमचा तेथेच राहिला होता, दगडावर, दोन ताटांच्या खाली. आणि ताटे उचलताना तो कोणाच्या तरी हाती लागणार होता, आणि त्यावरचा पोचा ज्याने ओळखावा तो एकच माणूस त्या घरात होता. उद्या घंटेपूर्वी कशाने चाखायचे, हा विचार आला आणि गेला. कस्तुराला काय सांगायचे हाही आला, तो राहिला. जागा चांगली आहे, असे सांगेन. आमटीला मीठ बरोबर आहे, असे सांगेन. ती विचारील, मग पोराला कधी नेता? पुढचा गुरुवार सात दिवसांवर होता. कोंडीरामने सायकलवर टांग टाकली नाही. ती हातात धरून, ज्या बाजूला छाती हलकी झाली होती त्या बाजूला थोडा कललेला, तो पुलावरून चालत निघाला, आणि ते हलकेपण सुखाचे आहे की नाही हे त्याला पूल संपेपर्यंत कळले नाही.

मलाही अद्याप कळलेले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाक्ये कोठे वाकडी पडली असल्यास ती माझी चूक समजावी, हकीगतीची नव्हे. इतका वेळ माझ्या पंक्तीस बसलात, त्याबद्दल वाचकांचे मनापासून आभार.

— कोंडीराम धोंडिबा ओव्हाळ, दापोडी